फ्रिजसाठी ७६ सेंमीचा कोनाडा : किती रुंद, किती खोल, किती लिटरचा घ्यावा?

नवा_ओटा

स्वयंपाकघराचं काम सुरू आहे. फ्रिजची जागा ठरली आहे, फ्रिज ठरायचा आहे. मापं देतो:

कोनाड्याची रुंदी ७६ सेंमी. डावीकडे भिंत, ती कोनाड्याच्या पुढेही तशीच सरळ जाते. उजवीकडे ओटा, दगडाच्या कडेसह ६२ सेंमी खोल. समोर दुसरा ओटा आहे, दोन्हींमधली वाट ९५ सेंमी. वर ६० सेंमी खोलीचं कपाट येणार आहे, त्याचा तळ जमिनीपासून १८५ सेंमीवर धरला आहे, पण ते अजून ठोकलेलं नाही. प्लगचा पॉइंट कोनाड्याच्या मागच्या भिंतीवर, बरोबर मधोमध. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आतून ७५ सेंमी.

माणसं चार, खरेदी आठवड्यातून एकदा. दोन दारांचा, वर फ्रीझर असलेला एक फ्रिज पाहून ठेवला आहे: रुंदी ७०, खोली ७०, उंची १७८ सेंमी, साधारण ४०० लिटर. ७६ मध्ये ७० बसायला हरकत नसावी. तरी घेण्याआधी विचारतो, या जागेला हा फ्रिज योग्य आहे का? शेजारी-शेजारी दोन उभी दारं असलेला मोठा फ्रिज बसवण्याची काही युक्ती आहे का? आणि लिटर नेमके किती धरावेत?

---

गुण्या_ओळंबा

मोठ्या फ्रिजचं आधी सांगतो, कारण उत्तर छोटं आहे. शेजारी-शेजारी दारांचे फ्रिज बहुतेक ९० सेंमीच्या आसपास रुंद असतात. ७६ मध्ये येत नाहीत. तो विषय सोडून द्या.

आता ७० चा. तुमच्या कोनाड्याची रुंदी ७६ आहे असं मी धरणार नाही. भिंत क्वचितच ओळंब्यात (अगदी उभ्या रेषेत) असते आणि कोपरा क्वचितच गुण्यात (काटकोनात) असतो. रुंदी नऊ ठिकाणी मोजा: तळाशी, ओट्याच्या उंचीला आणि वर, आणि या प्रत्येक उंचीला पुढे, मधे आणि मागे. त्यांतलं सगळ्यात लहान माप तेवढं खरं. दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, भिंतीच्या पायाशी असलेली स्कर्टिंगची पट्टी, ती एक ते दीड सेंमी खाते. दुसरी, ओट्याच्या दगडाची बाहेर आलेली कड. खालच्या कपाटापासून मोजलं तर ७६ येईल, पण दगड कपाटाच्या बाहेर दोन सेंमी आला असेल तर तुमचा कोनाडा तिथे ७४ चाच आहे. फ्रिज दगडाला अडणार, कपाटाला नाही.

७४ धरून चालू. त्यात ७० चा फ्रिज म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंमी. आत सरकेल, पण दार नीट उघडणार नाही.

बिजागरी डावीकडे, भिंतीच्या बाजूला असेल तर दार उघडताना त्याचा दर्शनी भाग भिंतीकडे वळतो. बाहेर आलेलं हँडल असेल तर ते चार-सहा सेंमी पुढे असतं. तुमच्याकडे फट दोनची. म्हणजे दार ९० अंशांना पोचण्याआधीच हँडल भिंतीला टेकणार. हँडल नसलं तरी दाराची जाडी आणि बिजागरीची रचना यांमुळे दाराची कड ९० अंशांच्या पुढे जाताना बाजूला सरकते. आणि ९० अंश पुरत नाहीत, कारण दाराच्या आतल्या बाजूला बाटल्यांचे कप्पे असतात. ते आतल्या तोंडासमोर येऊन बसतात आणि भाज्यांचा ड्रॉवर त्यांना अडतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर यायला बऱ्याच फ्रिजना ११० ते १३० अंश लागतात. ड्रॉवर काढता आला नाही तर काचेची फळी काढता येत नाही, आणि फळी निघाली नाही तर खाली सांडलेलं पुसता येत नाही. रोजचा त्रास तिथे आहे.

माझं मत: ६० सेंमी रुंदीचा घ्या. ७४ मधून ६० गेले, १४ उरले. भिंतीकडे नऊ-दहा सोडा, ओट्याकडे चार. बिजागरी भिंतीकडे राहील, दार हवं तेवढं उघडेल आणि वस्तू काढली की सरळ उजवीकडे ओट्यावर ठेवता येईल. भिंतीकडची फट डोळ्यांना खुपत असेल तर तिथे उभी पट्टी लावता येते. पण ती फ्रिजच्या दाराच्या मागे, धडाच्या पुढच्या कडेपासून आत घ्या. दाराच्या रेषेत आणली तर भिंतीचाच त्रास परत.

खोलीकडे कुणी बघत नाही, म्हणून तेही मांडतो. माहितीपत्रकात खोली चार प्रकारे लिहिलेली असते: दाराशिवाय, दारासकट पण हँडलशिवाय, हँडलसकट, आणि दार ९० अंश उघडल्यावर. दुकानात सांगतात ती बहुधा दुसरी. तुम्हाला पहिली आणि चौथी लागेल.

६० रुंदीचा फ्रिज घेऊ: धड ६०, दार ७, एकूण ६७. मागे ५ सेंमी सोडले. भिंतीपासून धडाची पुढची कड ६५ वर, दाराचा चेहरा ७२ वर. ओटा ६२ ला संपतो, म्हणजे फ्रिज १० सेंमी पुढे येणार आणि त्या जागी वाट ९५ ची ८५ होणार. दार उघडं असताना त्याचं टोक भिंतीपासून साधारण १२५ वर. समोरचा ओटा १५७ वर सुरू होतो. उरले ३२ सेंमी.

हाच हिशेब ७० च्या फ्रिजला लावा. मागे ५, धड ६३, म्हणजे धडाची कड ६८ वर आणि उघड्या दाराचं टोक १३८ वर. उरले १९ सेंमी. फ्रिज उघडा असताना मागून दुसरं कुणी जाऊच शकत नाही.

कागदावर पटत नसेल तर पुठ्ठा कापा. फ्रिजच्या तळाच्या मापाचा एक तुकडा जमिनीवर ठेवा, बिजागरीच्या जागी एक टोक धरून दाराच्या रुंदीएवढ्या दोरीने खडूने कमान काढा. मग त्या कमानीच्या बाहेर उभं राहून वाकून बघा.

---

गारवा_दुरुस्ती

वरच्या उत्तरात दाराचा भाग नीट आला आहे. मी फटींबद्दल लिहितो, कारण 'बसला' आणि 'चालला' यांत फरक आहे.

फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर कुठून टाकतो ते मॉडेलप्रमाणे बदलतं. उष्णता टाकणाऱ्या नळीला कंडेन्सर म्हणतात. जुन्या पद्धतीत ती मागे, काळ्या जाळीच्या रूपात असते. आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये ती नळी बाजूच्या पत्र्यांच्या आत चिकटवलेली असते, म्हणून चालू फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागतात. तो बिघाड नाही. तिसऱ्या प्रकारात कंडेन्सर तळाशी, कॉम्प्रेसरजवळ असतो आणि पंख्याने हवा फिरवली जाते. त्यामुळे 'मागे अमुक सोडा' असा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. बाजू गरम होणाऱ्या फ्रिजला मागे कितीही जागा दिली आणि बाजूंना अर्धा सेंमी, तर तो घुसमटणारच. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा. पुस्तिका हाती नसताना कोनाडा बांधायचा असेल तर मागे ५, बाजूंना किमान २ ते ५ आणि वर ५ ते १० सेंमी धरून चला.

फट कमी पडली तर काय होतं? कंडेन्सरभोवतीची हवा तापते, त्यामुळे आतल्या गॅसचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ, जास्त भार घेऊन चालतो. वीज वाढते. फार झालं तर कॉम्प्रेसरवरचं उष्णतेचं संरक्षण त्याला बंद करतं, तो थंड झाला की परत सुरू होतो, असं चक्र लागतं. एकच बाष्पक (थंडावा तयार करणारी नळी) असलेल्या नो-फ्रॉस्ट, म्हणजे साचलेला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये थंड हवा आधी फ्रीझरला मिळते आणि उरलेली खाली जाते. म्हणून पहिली तक्रार 'बर्फ होतोय पण खाली दूध टिकत नाही' अशी येते. अशा वेळी लोक गॅस भरून घ्यायला निघतात. आधी फ्रिज दहा सेंमी पुढे ओढून एक दिवस बघा.

तपासायची सोपी रीत: एक पेला पाणी मधल्या फळीवर ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा, रात्रभर राहू द्या. सकाळी दार उघडताच वाचा. ४-५ अंश सेल्सिअस असेल तर फ्रिज ठीक आहे. फ्रीझरला उणे १८ हवं. हवेत टांगलेल्या थर्मामीटरवर विसंबू नका, दार उघडताच हवा बदलते. आणि इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) कॉम्प्रेसर जवळपास सतत हळू चालतो, त्यामुळे 'बंदच होत नाही' एवढ्यावरून काही निदान करू नका.

तुमच्या वरच्या कपाटाबद्दल मला जास्त काळजी आहे. ते ६० सेंमी खोल आणि भिंतीला चिकटून केलंत तर फ्रिजच्या मागून वर आलेली गरम हवा कपाटाच्या तळाला अडून तिथेच फिरत राहील. गरम हवेला वर जायला वाट द्या: कपाटाची पाठ भिंतीपासून ५ सेंमी पुढे घ्या, म्हणजे मागे धुराड्यासारखी पोकळी राहील, आणि छताजवळ ती जाळीने उघडी करा. सुतार 'फुकट जागा जाते' म्हणेल. जाऊ द्या.

शेजारी शेगडी किंवा ओव्हन येणार आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. येणार असेल तर मधे निदान एक कपाट ठेवा. तेवढी जागा नसेल तर उष्णतारोधक फळी लावा, आणि तीही फ्रिजला चिकटवू नका.

मागच्या भिंतीवरचा पॉइंट आत्ताच हलवा. प्लग आणि त्याची वळलेली वायर मिळून पाच-सात सेंमी घेतात, म्हणजे फ्रिज तेवढा पुढे येतो आणि वाट तेवढी कमी होते. शिवाय धूर आला किंवा ठिणगी दिसली तर बंद करायला ८० किलोचा फ्रिज ओढायचा का? बटण ओट्याच्या वरच्या भिंतीवर, हात पोचेल असं घ्या. जोडवायर वापरू नका.

एक छोटी गोष्ट, लहान स्वयंपाकघरांसाठी. आज बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये थंड करणारा गॅस म्हणून आयसोब्युटेन असतो, पाटीवर आर-६००ए असं लिहिलेलं दिसेल. तो ज्वालाग्राही आहे. दर ८ ग्रॅमला खोलीत किमान १ घनमीटर हवा हवी असा दंडक पुस्तिकांत दिलेला असतो. ६० ग्रॅम असेल तर साडेसात घनमीटर. दोन मीटर लांब, दोन रुंद आणि २.७ मीटर उंच खोलीत १०.८ होतात, म्हणजे भागतं. पण दार लावलेल्या अगदी छोट्या कोठीत मोठा फ्रिज कोंबताना हा हिशेब करा.

---

साठवण

लिटरचा प्रश्न मागे राहिला.

ढोबळ आकडे असे: एक-दोन माणसांना १५० ते २५०, तीन-चार जणांना २५० ते ३५०, त्याहून जास्त असतील तर ३५० च्या पुढे. चार माणसं आणि आठवड्याची खरेदी म्हणजे तुम्ही ३०० ते ३५० च्या आत बसता. ४०० ची गरज दिसत नाही.

पण लिटर म्हणजे कोणते, ते विचारा. एकूण क्षमता आणि निव्वळ क्षमता वेगळ्या असतात. निव्वळ म्हणजे फळ्या, ड्रॉवर, दिवे वगैरे वजा जाता वापरता येणारी. दोन फ्रिजची तुलना करताना दोन्हीकडची निव्वळच घ्या, आणि फ्रीझर वेगळा व खालचा भाग वेगळा लिहून काढा. एकाच एकूण आकड्याच्या दोन फ्रिजमध्ये एकाचा फ्रीझर ७० लिटरचा आणि दुसऱ्याचा १०० चा असू शकतो. बर्फाखेरीज फारसं गोठवत नसाल तर ते ३० लिटर तुमच्या उपयोगाचे नाहीत.

लिटरपेक्षा मी आतली रुंदी जास्त मानतो. बाहेरून ६० सेंमी असलेला फ्रिज आतून ४७ ते ५० भरतो, कारण भिंतींत फोम असतो. फ्रीझरभोवती तो आणखी जाड. त्यामुळे घरातलं सगळ्यात रुंद भांडं किंवा ट्रे मोजा आणि दुकानात टेप घेऊन जा. उंचीसुद्धा: सगळ्यात उंच पातेलं झाकणासकट ठेवायला दोन फळ्यांत किती अंतर हवं, आणि फळी तेवढी सरकते का. काही फ्रिजमध्ये फळ्यांच्या खाचा अशा असतात की एक फळी वर घेतली की दुसरी निरुपयोगी होते. हे चित्रात कळत नाही, फळी काढून लावूनच बघावं लागतं.

'मोठा घेतलेला बरा, पुढे लागेल' हा सल्ला सर्रास मिळतो, मला तो पटत नाही. अर्धा रिकामा फ्रिज दार उघडताच जास्त थंड हवा खाली ओततो आणि आत उबदार हवा येते. थंड झालेला माल तापमान धरून ठेवतो, हवा धरत नाही. उलट खच्चून भरलेलाही वाईट: नो-फ्रॉस्टमध्ये मागच्या भिंतीवर हवेची तोंडं असतात, ती झाकली गेली की एका कोपऱ्यात भाजी गोठते आणि दुसरीकडे दूध आंबतं. रोजच्या वापरात तीन-चतुर्थांश भरलेला राहील असं माप घ्या. तुमची आठवड्याची खरेदी झाल्याच्या दिवशी सध्याचा फ्रिज किती भरतो आणि त्याचे निव्वळ लिटर किती, यावरून तुमचा आकडा कुठल्याही तक्त्यापेक्षा नेमका निघेल.

---

सपाट_दार

मी ७० च्या बाजूने बोलतो. आता बिनहँडलचे, दाराच्या कडेला बोटं घालायची खाच असलेले फ्रिज मिळतात. काहींची बिजागरी अशी असते की दार उघडताना बाजूला न सरकता धडाच्या मापातच फिरतं. असा ७० चा घेतला तर ७४ मध्ये बसेल, आणि उंची कमी ठेवून लिटर जास्त मिळतील. कमी उंचीच्या माणसांना वरची फळी हाताशी राहते, हा फायदा लहान नाही.

---

गुण्या_ओळंबा

मुद्दा बरोबर आहे, पण अशा बिजागरीचा फ्रिज घेताना एक गोष्ट दुकानात स्वतः करून बघायची: दार बरोबर ९० अंशांवर कुणाला तरी धरायला सांगा आणि सगळे ड्रॉवर व फळ्या काढून बघा. भिंतीला लागून उभा राहिल्यावर दार तेवढंच उघडणार आहे. ९० वर सगळं निघालं तर ७० चा विचार करा. 'ड्रॉवर उघडतो' आणि 'ड्रॉवर निघतो' यांत फरक आहे, विक्रेता पहिलं दाखवतो.

तरी वाटेचा हिशेब बदलत नाही. १९ सेंमी ते १९ सेंमीच. आणि बाजू गरम होणारा असेल तर दोन-दोन सेंमी हे अगदी काठावरचं माप आहे. भिंत थोडी जरी आत झुकलेली निघाली तरी संपलं.

---

नवा_ओटा

सगळ्यांचे आभार. नऊ ठिकाणी मोजलं. तळाशी स्कर्टिंग धरून ७४.६, दगडाच्या पातळीला ७३.८, वर ७५.५. दगडाची कड खरंच बाहेर आहे. शेगडी समोरच्या ओट्यावर आहे, शेजारी नाही.

अजून तीन शंका. ७० चा घेऊन बिजागरी उजवीकडे, ओट्याच्या बाजूला घेतली तर भिंतीचा प्रश्नच सुटतो ना? कपाटाच्या आत बसणारा, दर्शनी फळी लावायचा फ्रिज घेतला तर वाट वाचेल का? आणि ७५ च्या चौकटीतून फ्रिज आत कसा येईल?

---

बिजागरी

बिजागरी ओट्याकडे घेतली तर भिंतीचा प्रश्न सुटतो, हे खरं. दार ओट्याच्या पुढच्या कडेच्याही पुढे असल्यामुळे ते हवं तेवढं उघडेल. पण उघडं दार फ्रिज आणि ओटा यांच्या मधे उभं राहील. प्रत्येक वस्तू काढून दाराला वळसा घालून ओट्यावर ठेवावी लागेल. रोज किती वेळा फ्रिज उघडता ते आठवा आणि ठरवा. मी असं करणार नाही.

दाराची बाजू बदलता येते का तेही पाहावं लागतं. वर-खाली दोन दारांच्या बऱ्याच फ्रिजमध्ये येते: फ्रिज बंद करून प्लग काढायचा, वरच्या बिजागरीचं झाकण काढायचं, बोल्ट सोडवून वरचं दार उचलून घ्यायचं, मग मधली बिजागरी, खालचं दार, खालची बिजागरी. तिन्ही पलीकडच्या भोकांत लावायच्या आणि उघडी भोकं टोप्यांनी बंद करायची. दाराच्या तळाशी एक छोटा प्लास्टिकचा थांबा असतो, जो दार शेवटी आपोआप ओढून घेतो. तोही बाजू बदलून लावावा लागतो, हे राहून जातं आणि मग दार अर्धवट उघडं राहतं. दारावर पडदा, बटणं किंवा पाण्याचा नळ असेल तर वायर वरच्या बिजागरीतून आलेली असते. अशा फ्रिजचं दार बहुधा बदलत नाही. खरेदीआधी पुस्तिकेत पाहा.

बदलल्यावर दाराचं रबर नव्या बाजूला नीट टेकत नाही, कारण ते जुन्या घडीला सवकलेलं असतं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. केस वाळवायच्या यंत्राने रबर हलकं गरम करून बोटांनी बाहेर ओढलं की बसतं.

कपाटात बसणाऱ्या फ्रिजचं: प्रचलित कोनाडा आतून ५६ सेंमी रुंद, किमान ५५ खोल आणि उंच मॉडेलसाठी साधारण १७८ उंच असतो. चेहरा कपाटांच्या रेषेत येईल आणि वाट ९५ चीच राहील, हे खरं. पण निव्वळ क्षमता साधारण २५० ते २८० लिटरवर येते. ६० रुंद, १८५ उंच सुटा फ्रिज ३०० ते ३४० देतो. शिवाय कपाटाखालून हवा आत आणि वरून बाहेर जाण्यासाठी किमान २०० चौरस सेंमीची वाट हवी, म्हणजे ५० सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद फट, दोन्ही टोकांना. सुतार शोभेसाठी ही जाळी बारीक करतात आणि फ्रिज भट्टीत बसतो. पुढे तो बदलायची वेळ आली तर त्याच मापाचा शोधावा लागेल. चार माणसांसाठी सुटाच घ्या.

आत आणण्याबद्दल. चौकट ७५ असली तरी दाराची फळी बिजागरीवर असताना तिची जाडी वाटेत येते, त्यामुळे ७० च्या आसपास उरतात. फळी काढून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. सरळ वाटेत फ्रिजच्या दोन आडव्या मापांपैकी लहान माप चौकटीतून गेलं की झालं. खोकं मात्र दरवाजाबाहेरच काढा, ते प्रत्येक बाजूला काही सेंमी वाढवतं. अडचण वळणावर येते. जागच्या जागी वळायला तळाचा कर्ण लागतो. ६० × ६७ ला तो ९० सेंमी, ७० × ७० ला ९९. बोळ यापेक्षा अरुंद असेल तर फ्रिजची दारं उतरवून न्यावी लागतात. तिरपा करून उभा करताना उंचीचाही कर्ण मोजा: १८५ उंच आणि ६७ खोल फ्रिजला १९७ सेंमी लागतात, म्हणून पंखा आणि लोंबता दिवा पाहून ठेवा.

शक्यतो उभाच आणा. आडवा करावाच लागला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जाऊ शकतं. जितका वेळ आडवा होता किमान तितका वेळ उभा ठेवून मगच चालू करा. गाडीत किती वेळ होता हे माहीत नसेल तर २४ तास.

---

गारवा_दुरुस्ती

उंचीवर एक सुधारणा. माहितीपत्रकातली उंची कधी धडाची असते, कधी वरच्या बिजागरीच्या टोपीसकट. दोन-तीन सेंमीचा फरक पडतो. १८५ चा फ्रिज घ्यायचा तर १८५ वर कपाटाचा तळ चालणारच नाही. कपाट अजून ठोकलेलं नाही हे बरं झालं. तळ १९५ ते १९८ वर न्या. त्या उंचीवरचं ६० खोल कपाट तसंही स्टुलावर चढूनच वापरायचं असतं, तिथे दहा सेंमी गेल्याने काही बिघडत नाही.

आणि हवामान वर्ग बघा, तो आकाराइतकाच महत्त्वाचा आहे. पाटीवर एसएन, एन, एसटी किंवा टी असं असतं. एसएन १० ते ३२ अंश, एन १६ ते ३२, एसटी १६ ते ३८, टी १६ ते ४३. खोलीचं तापमान या पट्ट्याबाहेर गेलं तर फ्रिज दिलेलं तापमान राखेलच असं नाही. कोनाड्यातला फ्रिज खोलीपेक्षा थोड्या गरम हवेत उभा असतो, म्हणून जिथे उन्हाळ्यात ३५ च्या वर जातं तिथे टी असलेलाच घ्या.

---

नवा_ओटा

ठरलं: ६० रुंद, खाली फ्रीझर, वर्ग टी, उंची १८५ च्या आत. कपाटाचा तळ १९६ वर घेतो, त्याची पाठ ५ सेंमी पुढे. पॉइंट ओट्याच्या वर हलवायला सांगितला आहे. जमिनीला मोरीच्या दिशेने थोडा उतार आहे, फ्रिज त्यावर तिरका राहील का? पायांखाली लाकडी पट्ट्या घालू का?

---

बिजागरी

पट्ट्या नकोत, त्या कंपनाने सरकतात. पुढचे दोन पाय फिरवून उंच-सखल होतात, त्यांनीच जमवा. आधी फ्रिज जागेवर पूर्ण आत सरकवा, कारण उतार जागेप्रमाणे बदलतो. मग पाणसळ (पातळी तपासायचं साधन) धडाच्या माथ्यावर आडवी ठेवून डावी-उजवी बाजू सारखी करा. नंतर पाणसळ पुढून मागे ठेवा आणि दोन्ही पुढचे पाय सारखेच फिरवून पुढची बाजू पाच ते दहा मिलिमीटर वर घ्या, म्हणजे दार अर्धवट सोडलं तरी स्वतः मिटेल. त्याहून जास्त उचललात तर दार उघडं ठेवायला हात लागेल.

तुमचा उतार भिंतीकडून ओट्याकडे असेल तर उजवा पाय जास्त बाहेर येईल. पाय पूर्ण बाहेर काढूनही कमी पडला तर त्या एका पायाखाली फरशीचा सपाट तुकडा सिमेंटने पक्का बसवून घ्या, काम सुरू आहे तोवरच. मागे चाकं असतात, ती उंच-सखल होत नाहीत, म्हणून मागच्या दोन्ही चाकांखालची फरशी एका पातळीत आहे का हे फ्रिज यायच्या आधी पाणसळ लावून बघून ठेवा.